गल्लीखालून चालणारं पाणी

त्या गल्लीतल्या घराघरांत नळ इतके चकाकते होते की त्यांत तोंड पाहून भांग पाडता यायचा. आणि त्यांतल्या एकाही नळाचं पाणी पिता यायचं नाही.

नळ कंपनीने फुकट बसवून दिलेले. गल्लीच्या वरच्या टोकाला, उंच भिंतीआड, नळांचीच कंपनी होती. ओबडधोबड पितळी नळ आत जायचे आणि आरसे होऊन बाहेर यायचे. ती चकाकी चढवायला जे रसायन लागायचं ते पिवळंजर्द आणि विषारी. त्याचं सांडपाणी साठवायची जुनी टाकी आवारात जमिनीखाली होती, आणि ती किती वर्षं गळत होती हे त्या टाकीलाच ठाऊक. ते पाणी गळलं, जमिनीत मुरलं, मुरत मुरत खालच्या पाण्याला मिळालं. आणि गल्ली तर सगळी बोअरच्या पाण्यावर जगणारी.

मग प्यायला काय, तर निळे जार. तेही कंपनीचेच. रोज सकाळी टेम्पो यायचा आणि दारोदार जार उतरवून जायचा. टकळीची आई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "आपण पाणी पितोय का वजनं उचलायच्या स्पर्धेत उतरलोय, तेच कळत नाही."

"पुढच्या वर्षी पदक नक्की, आई."

"पदक राहू दे. तू इकडे ये आणि दुसरी बाजू धर."

टकळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. एकदा तोंड सुरू झालं की थांबायचं नाही, म्हणून बाबांनी लहानपणी ठेवलेलं, ते गल्लीभर चिकटलं. गंमत अशी की गल्ली डोक्यावर घेणारी ही मुलगी वर्गासमोर उभी राहिली की तिचे पाय लटपटायचे. या वर्षी मात्र ती वक्तृत्व स्पर्धेत उतरली, पहिल्या दोन वाक्यांत घाबरली, तिसऱ्या वाक्याला आपण घाबरलोय हेच विसरली आणि पहिली आली. तेव्हापासून माइक दिसला की तिचे हात शिवशिवायचे.

मंडळी, पाणी पिवळं कसं झालं याचा एक भाग तुम्हाला सांगितला. दुसऱ्या भागाचा विषय टकळीच्या घरात कुणी काढायचं नाही.

सुरुवातीला फक्त कंपनीच्या भिंतीला लागून असलेल्या दोन-तीन घरांचं पाणी पिवळसर झालं होतं. बाकी गल्ली स्वच्छ. बैठक बसली. टकळीचे बाबा पंप दुरुस्त करायचे. गल्लीतल्या प्रत्येक बोअरची मोटार कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेली. ते म्हणाले, "विहीर घाण झाली की आपण काय करतो? उपसतो. जुनं पाणी गेलं की खालून ताजं येतं. तसंच करू. सगळ्या मोटारी एकदम लावू आणि घाण आहे तेवढी घालवून टाकू." सगळ्यांना एकदम पटलं. बाबांनी स्वतःच्या दुकानातल्या मोटारी आणून जोडल्या, एका पैशाची अपेक्षा केली नाही. कितीतरी दिवस गल्ली नुसती गुरगुरत होती. लोक बाबांची पाठ थोपटत होते, "गल्लीचे डॉक्टर" म्हणत होते.

आणि मग गल्लीच्या मध्यावरच्या घरांत पाणी पिवळं आलं. मग टोकाच्या घरांत. टकळीच्या घरीही.

मोटारी बंद झाल्या. बाबांना कुणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच बाबांना सोसवेना. चार जणांना हसवणारा माणूस, पण आता दुकानातून घर आणि घरातून दुकान एवढंच करायचा.

आता कंपनीचे व्यवस्थापक एक प्रस्ताव घेऊन आले होते. शांत, सभ्य माणूस. लहान पोरांनासुद्धा अहोजाहो करणारा. त्यांचं म्हणणं असं: कंपनी दूरच्या धरणावरून गल्लीपर्यंत नवी पाइपलाइन आणेल, तोवर जार देत राहील. त्या बदल्यात गल्लीने सगळ्या बोअर सिमेंटने बुजवायच्या आणि खालच्या पाण्याचा विषय कायमचा सोडायचा. "जमिनीखालचं जमिनीखाली राहू द्या," ते मऊ आवाजात म्हणाले. रविवारी शाळेच्या सभागृहात सगळ्यांनी हात वर करून होकार द्यायचा, असं ठरलं. आणि आभाराचं भाषण करायचं टकळीने.

"कंपनीचीच इच्छा आहे मुलीने बोलावं अशी," गल्लीचा कारभार बघणारे सेक्रेटरीकाका सांगायला आले. "फोटो चांगला येतो म्हणे."

टकळी हवेत. काका गेल्या गेल्या तिने भाषण रचलं आणि मोरीतल्या चकाकत्या नळासमोर उभी राहून पाठ करायला लागली. नळात तिचं नाक भोपळ्याएवढं दिसत होतं, पण आवाज कसा खणखणीत.

अशात मावशी आली.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास हे तिचं काम. नवं हॉस्पिटल असो की शेत, बोअर कुठे घ्यायची आणि पाणी कसं आहे हे विचारायला लोक तिला बोलवायचे. आईने फोनवर "एकदा आमचं पाणी बघून जा गं" एवढंच म्हटलं होतं, आणि ही चिखलाचे बूट, टेपचं भलंमोठं रीळ आणि बाटल्यांची पेटी घेऊन दारात हजर. एरवी बाबांनी "मेव्हणीबाई आल्या, आता फरशी उकरली जाणार" असं काहीतरी ठेवून दिलं असतं. या वेळी ते नुसतं "या" म्हणाले आणि दुकानाकडे निघाले. मावशीने त्यांच्या पाठीकडे बघितलं, मग आईकडे. आईने मान हलवली.

टकळीला काही त्याचं भान नव्हतं. मावशीचे बूट निघायच्या आत तिने भाषण सुरू केलं. "तहानलेल्या ओठांपर्यंत जीवन पोहोचवणाऱ्या उदार हातांनो, ही गल्ली तुमची जन्मोजन्मी ऋणी राहील..."

मावशीने शेवटपर्यंत ऐकलं. "आवाज झकास आहे. खालच्या वस्तीपर्यंत जाईल. फक्त एक सांग, आभार कशाचे मानतेस?"

"पाण्याचे."

"आधी नव्हतं का तुमच्याकडे पाणी?"

"होतं की."

"मग गेलं कुठे?"

टकळीने तोंड उघडलं आणि परत मिटलं. आईने स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं. असा प्रसंग रोज येत नाही.

"कुणी तुझ्या घरात डांबर सांडलं," मावशी बुटाची नाडी सोडत म्हणाली, "आणि वर छान नक्षीची सतरंजी आणून अंथरली. तू सतरंजीवर भाषण करणार?"

"पण मावशी, डांबर दिसतं, पुसता येतं. हे जमिनीखाली आहे. तिथे जाऊन कोण पुसणार?"

"तिथे काय आहे ते कधी बघितलंयस?"

"जमिनीखाली? कसं बघणार?"

"उद्या शाळा सुटली की ये."

गल्लीच्या मागे पडीक जागा होती. तिथे कधीकाळी कुणीतरी खणून सोडून दिलेली एक बोअर, वर गंजकं झाकण. मावशीने ते सरकवलं. आत ताटलीएवढा काळा गोल. मावशीने रिळाची टेप टकळीच्या हातात दिली. टेपच्या टोकाला वजन होतं, आणि ते पाण्याला टेकलं की रीळ वाजायचं.

"सोड. सावकाश."

टेप सुटत राहिली. टकळीने मनात मोजून पाहिलं: एवढ्यात आपलं घर बुडालं असतं. एवढ्यात शाळेची इमारत, गच्चीसकट. टेप जातच होती. तिच्या तळहाताखालून ती सरसर घसरत अंधारात चालली होती आणि खालून काहीच उत्तर नव्हतं.

"तळ आहे ना गं?"

"धीर धर."

आणि रीळ वाजलं. बारीक, स्वच्छ आवाज. टकळीच्या अंगावर सरसरून काटा आला. तिच्या पायांखाली, इतक्या खोल, जिथे आजवर कुणी गेलं नाही आणि उजेडाचा कणही पोहोचला नाही, तिथे पाणी होतं. आणि तिच्या हातातल्या टेपने त्याला नुकताच स्पर्श केला होता.

"खाली तळं आहे का?" तिने विचारलं. का कुणास ठाऊक, पण ती कुजबुजत होती.

"तळं नाही. दगड आहे. दगडाला भेगा, आणि भेगांत पाणी. आणि ते एका जागी उभं नाही. चाललंय." मावशीने हात लांब केला. कंपनीच्या भिंतीपासून निघून तिचं बोट गल्लीवरून गेलं, शाळेवरून गेलं, उतारावरच्या खालच्या वस्तीवरून गेलं आणि दूर नदीच्या दिशेला थांबलं. "असं. दिवसाला साधारण वीतभर."

"वीतभर?"

"त्याला कुठे शाळा गाठायचीय?"

मग मावशीने दोरीला बांधलेली लांबट नळी खाली सोडली आणि भरून वर काढली. पाणी थंडगार होतं, काचेसारखं. "ही बोअर फार खोल आहे. इतक्या खाली पिवळं अजून उतरलेलं नाही," ती म्हणाली आणि तिने टकळीच्या ओंजळीत थोडं ओतलं. "प्यायचं नाही, नुसतं धर. हा पाऊस कधी पडला असेल?"

"मागच्या वर्षी?"

"तुझ्या पणजीची पणजी याच पावसात भिजून घरी आली असेल आणि आईचा मार खाल्ला असेल. तेव्हापासून हे पाणी खाली चालतंय. आज पहिल्यांदा ऊन बघतंय."

टकळीने ओंजळ हलू दिली नाही. बोटांच्या फटींतून थेंब गळत होते आणि प्रत्येक थेंब जाताना तिला वाटत होतं, अरे, एवढा प्रवास करून आलास आणि चाललास. समोरच्या रस्त्यावरून शिंपीकाका सायकल ढकलत निघाले होते. दोन बायका भाजीच्या पिशव्या घेऊन गप्पा मारत होत्या. कुत्रं उन्हात झोपलं होतं. आणि या सगळ्यांच्या पायांखालून एक आख्खी, काळोखी, संथ नदी चालली होती. कुणाला पत्ता नव्हता. इतकी वर्षं टकळी या मातीवर लंगडी खेळली होती, धावली होती, पडली होती. आज तिला पाय टेकवताना उगीच हळू टेकवावासा वाटला.

दुसरी बोअर कंपनीच्या भिंतीला लागून होती, उथळशी. मावशीने नळी वर काढून बाटलीत रिती केली आणि बाटली उन्हात धरली. पाणी पिवळं होतं. घाणेरडं, गढूळ पिवळं असतं तर टकळीला बरं वाटलं असतं. हे तर पारदर्शक होतं, दागिन्यातल्या खड्यासारखं. इतकं देखणं विष तिने कधी पाहिलं नव्हतं.

"हे पण चाललंय?"

"त्याच वाटेने. तुमची गल्ली झाली. पुढे तुझी शाळा. मग खालची वस्ती. त्यांच्या बोअर अजून स्वच्छ आहेत. त्यांना कुणी जार देत नाही, कारण त्यांना अजून काही झालेलं नाही."

"पोहोचेल कधी?"

"तू शिकून नोकरीला लागशील तोवर."

"आपण बोअरवर सिमेंट ओतलं तरी?"

"सिमेंट वर ओतणार ना? पाणी खाली चालतंय."

संध्याकाळी मावशीने स्वयंपाकघराच्या टेबलावर एक पसरट ट्रे मांडला, त्यात ओली वाळू दाबून बसवली आणि एका कोपऱ्यात शाईचे चार थेंब टाकले. बाबा चहा पीत बसले होते. मावशीने सुई नसलेली एक सिरिंज समोरच्या कोपऱ्यात खुपसली आणि हळूहळू पाणी ओढायला लागली. वाळूतून शाईची निळी जीभ बाहेर आली. सरकत सरकत ती सिरिंजकडे निघाली. एरवी संथ झिरपणारं पाणी आता ओढीने पळत होतं.

बाबांचा कप अर्ध्यावर थांबला. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे मीच आणलं," ते म्हणाले.

"भाऊजी, ओढलं तुम्ही. सांडलं कुणी?"

"ते काहीही असो. लोकांच्या घरात पिवळं पाणी आलं ते माझ्या मोटारींनी. कंपनी देतेय ते घ्यावं आणि विषय मिटवावा. रविवारी सगळ्यांच्या आधी माझा हात वर जाईल." कप तसाच ठेवून ते उठले. चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

आईने डोळे पुसले नाहीत, पण ओटा दोनदा पुसला.

टकळी ट्रेकडे बघत राहिली. बाबा गेले, पण निळी जीभ तशीच मधोमध अडकली होती. तिने सिरिंज उचलली, उगीचच शाई सांडलेल्या कोपऱ्यात खुपसली आणि दांडा मागे ओढला. काही झालं नाही. अजून ओढला. मग ती जीभ थबकली, बारीक झाली आणि आली त्या वाटेने मागे सरकायला लागली.

"मावशी," ती म्हणाली, "मावशी, हे परत चाललंय."

मावशी हसली. "असंच करतात. जिथे सांडलं तिथेच बोअर घ्यायच्या आणि तिथून ओढायचं. वर आलेलं पाणी शुद्ध करायचं आणि परत जमिनीला द्यायचं. पुढे गेलेलं विष मागे येतं, मागचं पुढे जात नाही. वेळ लागतो, खर्च येतो, चिकाटी लागते. म्हणून तर सतरंजी अंथरणं सोपं."

"म्हणजे बाबांचं चुकलं ते फक्त..."

"जागा चुकली."

टकळी जिना उतरून धावत दुकानात गेली. बाबा एक मोटार उघडून बसले होते. "बाबा, ऐका ना, ते शाईचं..."

"भाषण पाठ झालं का?" त्यांनी वर बघितलं नाही. "ते कर आधी." ती तशीच मागे फिरली. "तुमचं चुकलं" असं जे गल्लीत कुणी त्यांना तोंडावर म्हटलं नव्हतं, ते पोटच्या पोरीने कसं म्हणायचं?

रविवारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत व्यवस्थापक, त्यांच्या शेजारी कॅमेरावाला. व्यवस्थापकांनी पाइपलाइनचा नकाशा दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागून शिंपीकाका उभे राहिले. "साहेब, सगळं ठीक आहे. पण खाली जे आहे त्याचं काय करणार?"

"फार योग्य प्रश्न," व्यवस्थापक म्हणाले. "मला कुणाला दोष द्यायचा नाही. पण ते पाणी आमच्या भिंतीच्या आसपासच होतं. गल्लीत ते मोटारींनी आलं. आता मागचं उगाळून कुणाला अवघडल्यासारखं का करा?"

सभागृहात सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघायला लागले. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तर मग," सेक्रेटरीकाका घाईघाईने म्हणाले, "ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा."

पहिला हात वर गेला तो बाबांचा. मग शेजाऱ्यांचा, मग रांगेमागून रांग. टकळी माइकसमोर उभी होती. तिचं भाषण यानंतर होतं. तिने माइकचा दांडा घट्ट धरला. तिला वर गेलेले सगळे हात दिसत होते आणि त्या सगळ्या खुर्च्यांखाली, फरशीखाली, खोल खोल ते चालणारं पाणीही जणू दिसत होतं.

"थांबा," ती म्हणाली. माइक किंचाळला. ती जरा मागे सरली. "मोटारी माझ्या बाबांनी लावल्या होत्या."

हात जिथल्या तिथे राहिले. बाबा तिच्याकडे बघत होते. तिने त्यांच्यावरची नजर काढली नाही. काढली असती तर पुढचं बोलता आलं नसतं.

"बाबांनी ओढलं म्हणून पाणी इकडे आलं. व्यवस्थापक काका, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत. म्हणजे ओढलं की येतं, हे तुम्हाला मान्य आहे. मग तुमच्या बाजूने ओढा ना. टाकी जिथे गळली तिथेच बोअर घ्या, तिथून उपसा. आमच्या गल्लीतलं पाणी तुमच्याकडे परत येईल. मी करून बघितलंय. म्हणजे ट्रेमध्ये. पण मावशी म्हणते जमिनीतही असंच होतं. वर आलेलं शुद्ध करा आणि परत जमिनीला द्या. नाहीतर ते चालतच राहणार. इथून शाळेखाली, मग खालच्या वस्तीखाली. ते लोक इथे हात वर करायला आलेले नाहीत. त्यांना कुणी विचारलंच नाही. आपण त्यांच्या वतीने हात कसा वर करायचा?"

कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली केला.

व्यवस्थापक उठले. रागावले नव्हते, थोडे गडबडले होते. "बाळ, तुम्ही छान बोललात. पण ती टाकी जुन्या मालकांच्या काळातली. आम्ही कंपनी नंतर घेतली. जे आम्ही केलंच नाही..."

"कंपनी घेतलीत तेव्हा तिचं नावही घेतलंत ना?" मावशी खुर्चीतूनच म्हणाली. "यंत्रं, गिऱ्हाईकं, नफा?"

"अर्थात."

"मग गळकी टाकीही घेतलीत. सामानातून तेवढी एक वस्तू गल्लीकडे ठेवून जाता येत नाही."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. मग बाबा उठले. हात अजून वरच होता. तो वर आहे हे बहुधा ते विसरले होते. त्यांनी हाताकडे पाहिलं आणि तो हळूहळू खाली घेतला.

"मोटारी मी लावल्या," ते म्हणाले. "चुकीच्या जागी लावल्या. योग्य जागा भिंतीच्या आत आहे." आणि खाली बसले.

त्यानंतर जे झालं त्याला फारसा आवाज नव्हता. कपड्यांची सळसळ तेवढी. एकेक करत सगळे हात खाली आले.

"मला हे वर विचारावं लागेल," व्यवस्थापक म्हणाले.

"विचारा ना," सेक्रेटरीकाका खुर्ची ओढून ऐसपैस बसले. "पाइपलाइन अवश्य आणा. ते तर तुम्ही आमचं देणंच लागता. पण खालचा विषय आम्ही सोडत नाही."

वाचकहो, एका रविवारात जग बदलत नाही. व्यवस्थापकांनी वर विचारलं, वरच्यांनी नकार दिला. गल्लीने खालच्या वस्तीला बरोबर घेतलं, दोघांनी मिळून सरकारकडे तक्रार केली. सुनावण्या झाल्या, तारखा पडल्या, मावशीच्या बाटल्या तपासल्या गेल्या आणि कंपनीनेही आपल्या बाटल्या तपासून आणल्या. टकळीची एक इयत्ता गेली, दुसरी निम्मी झाली. शेवटी आदेश निघाला: कंपनीने स्वतःच्या आवारात बोअर घ्याव्यात, दूषित पाणी उपसून शुद्ध करावं, जमिनीला परत द्यावं, सगळं स्वतःच्या खर्चाने आणि पाणी स्वच्छ होईपर्यंत. जार आणि पाइपलाइन वेगळी. ती देऊन हे टळणार नाही.

मोटार पहिल्यांदा सुरू होणार त्या दिवशी कंपनीचं फाटक उघडं होतं. गल्ली आणि खालची वस्ती आत उभी होती. कंपनीच्या माणसाने बटण दाबलं. जमिनीतून गुरगुर ऐकू आली. बाबांनी डोळे मिटले; त्यांना आवाजावरूनच कळायचं मोटार कशी आहे ते. पाइपला हिसका बसला, हवा सुटली आणि मग पाणी आलं.

इतकं पिवळं त्यांच्यापैकी कुणी बघितलं नव्हतं. काचेच्या टाकीत ते चढत गेलं, आणि दोनशे माणसांच्या नजरा त्याच्याबरोबर वर चढत गेल्या. इतकी वर्षं आपण ज्याच्यावर झोपलो, ज्याच्यावर पोरं खेळवली, ते हे. पुढच्या टाकीत त्यात औषध मिसळलं तसा पिवळेपणा फिका होत गेला, तळाशी हिरवट गाळ बसला आणि तिसऱ्या टाकीत नुसतं पाणी राहिलं. तिथून ते दुसऱ्या पाइपने परत जमिनीत निघालं. टकळीने त्या पाइपवर हात ठेवला. आतून थरथर जाणवत होती. पाणी आपल्या घरी निघालं होतं.

"मावशी, कधी स्वच्छ होईल सगळं?"

"काही तुझ्या लग्नाआधी होत नाही. कदाचित तुझी पोरं शाळेत जातील तेव्हा."

शेजारी व्यवस्थापक उभे होते. बराच वेळ ते पिवळ्या टाकीकडेच बघत होते. "मी रोज याच्यावरून गाडी नेत होतो," ते स्वतःशीच म्हणाले. मग टकळीकडे वळले. "तोवर मी तर निवृत्त झालेलो असेन."

"तुम्ही व्हाल, काका," टकळी म्हणाली. "कंपनी नाही होणार."

 मग त्यांनी मान डोलावली आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला सांगितलं, "हे फाटक रोज दिवसभर उघडं ठेवा. ज्याला बघायचंय त्याला बघू द्या."

मंडळी, माणसं बदलतात, मालक बदलतात, फाटकावरची पाटी बदलते. जमिनीत सांडलेलं विष मात्र कुणाची पाटी वाचत नाही. ते आपल्या वाटेने चालत राहतं, ज्यांनी काहीच केलं नाही त्यांच्या दाराकडे. म्हणून ज्याने सांडलं त्यानेच ते शेवटच्या थेंबापर्यंत काढलं पाहिजे, आणि तो काढतोय की नाही हे आपण बघत राहिलं पाहिजे. भेट म्हणून आलेला जार घ्यायला हरकत नाही. पण तो घेताना एक प्रश्न विचारायचा विसरू नका: आमचं पाणी कधी परत करताय?